वगळलेल्या सात ओळी

माझ्या खोलीत येणारा माणूस आधी पेन ड्राइव्ह काढायचा आणि मग नमस्कार करायचा. नांदेडच्या एका महाविद्यालयात मी सांख्यिकी शिकवायचे आणि दुपारी दोन ते चार, संशोधन करणाऱ्या कुणालाही त्याच्या आकड्यांबद्दल सल्ला द्यायचे. या कामाला वेळापत्रकात जागा नव्हती आणि दारावर पाटीही नव्हती. तरी बाहेरच्या बाकावर कायम दोघं-तिघं बसलेले असायचे. शिंप्याकडे कापड टाकावं तसे लोक आकडे टाकून जायचे आणि म्हणायचे, "मॅडम, एवढं बसवून द्या."

लोह्याकडचे एक कृषी संशोधक तुरीच्या वाणांची मोजमापं घेऊन आले होते. म्हणाले, "तीन गट काढून द्या."

"तीनच का?"

"आराखड्यात तीन लिहून बसलोय ना, मॅडम."

वनस्पतिशास्त्राच्या एका मुलीने पानांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजली होती आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये. साहजिकच लांबीचे आकडे मोठे, रुंदीचे लहान. मग तिला शोध लागला की पानापानांतला सगळा फरक लांबीतच आहे! आठवडाभर ती त्या शोधावर खूश होती. मी मापं एकसारखी करून दिली तर रडायलाच लागली. चहा पाजून पाठवली.

हे सगळे ज्या दोन पद्धतींसाठी यायचे त्या सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. पहिली, पीसीए. दहावीच्या वर्गातल्या मुलांचे सहा विषयांचे गुण घ्या. ज्याला गणितात चांगले पडतात त्याला बहुधा विज्ञानातही पडतात, मराठी-हिंदीचंही तसंच. म्हणजे आकडे सहा असले तरी खऱ्या गोष्टी दोन-तीनच असतात. पीसीए त्या दोन-तीन शोधून देते. मग सहा रकान्यांचा ढीग एका कागदावर ठिपक्यांच्या चित्रात मांडता येतो. एक मूल, एक ठिपका. सारखी मुलं जवळजवळ पडतात, वेगळी लांब.

दुसरी पद्धत, मिक्स्चर मॉडेल. माझे वडील अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडते होते. दोन गावांची तूर एका ढिगात मिसळली तर दाण्यावर गावाचं नाव नसतं. पण प्रत्येक दाण्याचं वजन, आकार मोजला तर सांगता येतं की हा दाणा या गावचा असण्याची शक्यता इतकी, त्या गावचा असण्याची इतकी. मिक्स्चर मॉडेल एवढंच करतं. ढीग एक दिसला तरी त्यात किती गट मिसळलेत याचा अंदाज देतं आणि कोणता दाणा कुठला याची शक्यता सांगतं.

गट कशामुळे पडले, हे मात्र ते सांगत नाही. मी वर्गात हे वाक्य दर वर्षी फळ्यावर लिहायची. आता जे सांगणार आहे ते घडलं तेव्हा निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, आणि ते वाक्य मला माझ्याच खोलीत आठवलं नाही.

डॉ. अनिकेत मोरे हे उदगीरकडचे. गावोगावच्या लोकांच्या आरोग्याचा अभ्यास हा त्यांचा विषय. वय तिशीचं, बोलणं भरभर, माणूस अगदी सरळ. किनवट तालुक्यातल्या चार निवासी शाळांतल्या मुलींचे रक्ताचे नमुने त्यांनी घेतले होते. कल्पना चांगली होती. त्या जंगलभागात सिकलसेलसारखे आनुवंशिक रक्तदोष आढळतात. त्यांची पक्की तपासणी सगळ्यांची होत नाही. शिबिर लागतं त्या दिवशी जी मुलगी गावी गेलेली असते ती राहून जाते. मग साध्या रक्ततपासणीत मशीन जे आकडे देतं, पेशी किती, त्यांचा आकार केवढा, हिमोग्लोबिन किती, तेवढ्यावरून कुणाला आधी पक्क्या तपासणीला पाठवायचं हे ठरवता आलं तर?

"सगळं रक्त एकाच मशीनवर तपासलंय ना?" मी विचारलं.

"एकाच, मॅडम. त्यासाठीच तर सगळे नमुने रेल्वेने नांदेडला आणले."

मला समाधान वाटलं. याच्या पुढचा एक प्रश्न विचारायचा असतो, तो मी विचारला नाही.

चित्र काढलं आणि आम्ही दोघंही खुर्चीत पुढे सरकलो. ठिपक्यांचे दोन स्वच्छ ढग होते, मधे मोकळी जागा. इतकं देखणं चित्र खऱ्या आकड्यांतून क्वचित येतं. किती गट धरावेत याचाही एक हिशोब असतो, त्यानेही दोनच सांगितले. दुसऱ्या ढगातल्या मुलींच्या तांबड्या पेशी फुगलेल्या होत्या.

"काहीतरी आनुवंशिक आहे, मॅडम," डॉ. मोरे म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "एका शाळेतल्या तर सगळ्याच मुली दुसऱ्या ढगात आहेत. एकाच भागातल्या आहेत त्या."

दोन्ही ढगांपासून दूर, कागदाच्या कडेला सात ठिपके विखुरलेले होते. त्यांच्यामुळे ढग कोपऱ्यात दाबले गेल्यासारखे दिसत होते.

"हे काढू का?"

"काढा," मी म्हणाले. "मशीनची चूक असेल. वेगळ्या पानावर ठेवा, नंतर बघू."

सात ओळी कापून दुसऱ्या पानावर गेल्या. चित्र आणखी सुंदर झालं.

दुसऱ्या ढगातल्या मुलींची नावं पक्क्या तपासणीसाठी शाळांना कळवायची ठरली. मी दोनदा बजावलं की यादीवर 'केवळ शक्यता' असं ठळक लिहा. त्यांनी लिहिलंही. पण तो कागद कुणीतरी मोबाइलवर पाठवला, दुसऱ्याने फोटोतला नावांचा तेवढा भाग ठेवला, तिसऱ्याने वर 'रक्ताचा रोग असलेल्या मुली' असं लिहिलं. चार दिवसांनी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, यादी तुमीच केली का?" पलीकडे मडावीबाई होत्या, त्या चारपैकी एका वसतिगृहाच्या अधीक्षिका. मी त्यांना तोवर पाहिलंही नव्हतं. "मोरे डॉक्टरनं तुमचा नंबर दिला. माझ्या चौदा पोरींची नावं हायत त्याच्यात. मायबाप येऊन नेऊन राहिले त्यांला. बाकीच्या पोरी त्यांच्याजवळ बसून जेवत न्हाईत. काय सांगू मी?"

मी म्हणाले की ही फक्त शक्यता आहे, तपासणीनंतरच कळेल.

"शक्यता म्हंजे हाय का न्हाई?"

बत्तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला इतका सरळ कुणी विचारला नव्हता.

"आन एक सांगा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं जुळ्या बहिणी हायत. एकीचं नाव यादीत हाय, एकीचं न्हाई. एका पोटच्या, एका दिवसाच्या. ती बिचारी बहिणीचा हात सोडत न्हाई आन रडून राहिली. असं कसं, मॅडम?"

जुळ्या बहिणींत असं होऊ शकतं. डॉ. मोरेंनी फोनवर मला तेच सांगितलं. तरी मी सगळ्या नमुन्यांचं पान उघडलं. एका बहिणीचा नमुना क्रमांक बावीस, दुसरीचा एकतीस. मग मी त्या वसतिगृहाच्या सगळ्या मुली क्रमांकाने लावल्या. सव्वीसपर्यंत सगळ्या पहिल्या ढगात. सत्तावीसपासून शेवटपर्यंत सगळ्या दुसऱ्या.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मुली रांगेत कशा उभ्या राहिल्या होत्या हे रोगाला माहीत असायचं कारण नाही.

उठले आणि तशीच प्रयोगशाळेत गेले. तिथे खाजाभाई होते. वीस वर्षं त्या मशीनवर बसलेला माणूस, पांढरी दाढी, डोळ्यांवर दोरीने अडकवलेला चष्मा. नोंदवही त्यांनी पुढे केली. सगळे नमुने घेतल्याच्या दिवशीच संध्याकाळी पोचल्याची नोंद होती.

"आले त्याच दिवशी मशीनवर लावले का, खाजाभाई?"

"न्हाई ना, मॅडम. दोनदा घोटाळा झाला. एकदा गाडीच लेट आली. एकदा निम्मे लावले आन मशीनमधी टाकायची दवा संपली. दुसऱ्या दिवशी दुपारी आली, तवा उरलेले लावले."

"तोवर रक्त फ्रिजमध्ये होतं?"

"फ्रिजमधी जागा कुठं हाय? टेबलावरच ठेवलं. गरमीचे दिवस होते."

मी वहीची पानं उलटसुलट चाळायला लागले, तशी ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय झालं, मॅडम? रक्त ठेवलं की पेशी फुगतात, हे तर कुनीबी सांगंल."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"इचारलं कुनी?" ते शांतपणे म्हणाले. "वहीत 'आले कधी' असा रकाना हाय. 'लावले कधी' असा रकानाच न्हाई."

पण मशीनच्या आत ती वेळ साठवलेली होती. त्यांनी एकेक पान छापून दिलं आणि मी तिथेच स्टुलावर बसून पेन्सिलीने खुणा करत गेले. दुसऱ्या ढगातली एकूण एक मुलगी दुसऱ्या दिवशी तपासलेली होती. आमच्या देखण्या चित्राने जगाला एवढंच सांगितलं होतं की काही रक्त ताजं आहे आणि काही शिळं. रक्तशास्त्रातल्या कुणालाही तो कागद नुसता दाखवला असता तरी त्याने मिनिटात ओळखलं असतं. आम्ही दाखवला नव्हता.

डॉ. मोरेंना बोलावून घेतलं. छापलेली पानं आणि यादी शेजारी ठेवली. ते वाचत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मॅडम, परिषदेला निबंधाचा सारांश गेलाय. आमच्या वरिष्ठ सरांनी सगळ्यांना सांगितलंय."

"मागे घ्यावा लागेल."

"ताजे आणि शिळे वेगळे काढून पुन्हा काही बसवता येणार नाही का?"

"ताज्यांचं वेगळं करून बघू. पण आधी त्या मुलींना कळवायला हवं."

त्यांनी छापलेली पानं सरळ करून एकावर एक रचली. मग म्हणाले, "मीच जातो किनवटला. यादी मी दिली होती."

"मीही येते," मी म्हणाले. "ढग मी पाडले होते."

जाण्याआधी एकदा सगळे क्रमांक जुळवून बघावेत म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि खाजाभाई पुन्हा बसलो. आता माझा कशावरच विश्वास उरला नव्हता. एकेक क्रमांक ते वाचत आणि मी टिपत होते. शेवटी सात क्रमांक असे उरले जे माझ्या पानावर नव्हतेच.

नंतर बघू म्हणून ठेवलेलं पान मी उघडलं. खाजाभाईंनी मशीनची नोंद पाहिली.

"ही पाच सोडा. रक्तात गाठ झालती, मशीननं शेरा मारलाय. या दोन मात्र साफ हायत. त्याच दिवशी लावलेल्या. मशीनची काही गलती न्हाई."

मी फक्त ताज्या नमुन्यांवर पीसीए पुन्हा चालवली आणि या दोघींना चित्रात परत ठेवलं. एक मोठा ढग दिसला आणि त्याच्यापासून लांब, एकमेकींना जवळजवळ चिकटून, दोन ठिपके. डॉ. मोरे तोवर आले होते. त्यांनी पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"हिला मी ओळखतो. हिला सिकलसेल आहे. दोन वर्षं उपचार चालू आहेत. तिच्या शाळेने नमुना घेतानाच सांगितलं होतं."

"आणि ही दुसरी?"

दुसरी रेणुका. आठवीत, मडावीबाईंच्या वसतिगृहातली. तिच्या तक्त्यात पूर्वीच्या आजाराची जागा कोरी होती. सिकलसेलच्या शिबिरापुढे लिहिलं होतं, गैरहजर.

मी मडावीबाईंना फोन लावला.

"रेणुका? ती परवाच घरी गेली," त्या म्हणाल्या. "हातपाय लई दुखून राहिलेत म्हणत होती. तिचं यादीत नाव न्हाई म्हणून मी बिनघोर धाडली, मॅडम. ज्या यादीत होत्या त्यांच्याच मागं लागले होते मी."

"ताप होता का?"

"जराशी कणकण होती. का हो?"

डॉ. मोरेंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "डोळे पिवळे दिसत होते का?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी फोन ठेवला आणि खिशातून गाडीची किल्ली काढली.

नांदेडहून किनवटचा रस्ता मी पूर्वी दोनदा केला होता, तेव्हा तो लांब वाटला नव्हता. त्या दिवशी प्रत्येक गावात बैलगाडी आडवी, नाहीतर उसाची ट्रॉली. डॉ. मोरे हॉर्नवरचा हात काढत नव्हते. मी मनात सारखं तेच घोकत होते की हातपाय दुखण्याची शंभर कारणं असतात, वाढत्या वयात दुखतातच. आणि लगेच ते दोन चिकटलेले ठिपके डोळ्यांपुढे येत. नोकरीभर मी लोकांना सांगितलं होतं की जवळ असणं म्हणजे तेच असणं नव्हे. आयुष्यात पहिल्यांदा ते खरं ठरावं म्हणून देवाची विनवणी करत होते.

मडावीबाई वसतिगृहाच्या फाटकातच उभ्या होत्या. उंच, सडसडीत बाई, पदर कमरेला खोचलेला. त्या न बोलता गाडीत बसल्या आणि पुढचा रस्ता दाखवत गेल्या. डांबर संपलं, सागाची झाडं सुरू झाली, मोबाइलची रेघ गेली. गावाशी पोचलो तेव्हा तीन वाजले होते.

रेणुकाचे वडील अंगणात मोटारसायकलला चादर बांधत होते. मुलीला दवाखान्यात न्यायची खटपट त्यांची सकाळपासून चालली होती, पण तिला मागे बसवताच येत नव्हतं. पाय लोंबला की ती किंचाळायची. मडावीबाई त्यांच्याशी त्यांच्या बोलीत भरभर बोलल्या. मग ते माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले,

"बाई तर म्हणल्या होत्या, तिचं नाव यादीत न्हाई."

"नव्हतं," मी म्हणाले. "यायला हवं होतं. ते मी काढलं."

त्यांना त्याचा अर्थ लागला नसावा, किंवा त्या घडीला अर्थ लावत बसायला त्यांना सवड नव्हती. डॉ. मोरे आत गेले होते. मी दारात उभी राहिले. खाटेवर मुलगी गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. ओठ कोरडे, डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं. डॉक्टरांनी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं चिमट्यासारखं छोटं यंत्र लावलं, आकडा पाहिला, यंत्र काढून पुन्हा लावलं. तेव्हाच मला कळलं.

तिला चादरीत घेऊन मागच्या सीटवर ठेवलं. डोकं माझ्या मांडीवर, पाय वडिलांच्या. गाडी खड्ड्यात गेली की ती दात आवळायची, आवाज करायची नाही. वडील दर वेळी डॉक्टरांना म्हणत, "हळू, साहेब," आणि लगेच, "पर लवकर." मी तिच्या छातीकडे बघत होते. श्वास थांबल्यासारखा वाटला की मी हात ठेवायची. एकदा तिने डोळे उघडून विचारलं, "तुमी कोन?" मी म्हणाले, "मास्तरीण." तिने परत डोळे मिटले.

किनवटच्या दवाखान्यात सलाइन आणि ऑक्सिजन लागला आणि तिथून रुग्णवाहिकेने नांदेडला हलवलं. सिकलसेलच होता. तो एरवी दबलेला असतो आणि मधेच असा उसळतो. त्यात फुप्फुसातही संसर्ग उतरला होता. डॉक्टर म्हणाले की तीन दिवस काही सांगता येणार नाही.

ते तीन दिवस मी वर्गावर गेले नाही. वॉर्डाबाहेरच्या बाकावर तिच्या वडिलांशेजारी बसून राहायची. ते कमी बोलत. एकदा त्यांनी विचारलं, "बाई, रक्तात काय दिसलं तुमाला?"

"ती सगळ्यांपेक्षा वेगळी दिसली."

"कधी?"

"वीस दिवस झाले."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते उठले, नळावर तोंड धुतलं आणि परत येऊन बसले.

चौथ्या दिवशी सकाळी तिने भात मागितला.

दरम्यान डॉ. मोरेंनी सारांश मागे घेतला. त्यांच्या वरिष्ठांनी सर्वांसमोर त्यांना बोल लावले, ते त्यांनी ऐकून घेतले. मी तिथे होते. चूक दोघांची आहे असं मी सांगितलं, पण सल्ला देणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, त्यामुळे माझं काही झालं नाही. त्याची टोचणी अजून आहे.

यादीतल्या मुलींचं रक्त आम्ही किनवटमध्येच, घेतल्या घेतल्या, एका ठिकाणी तपासून घेतलं. तांबड्या पेशी कुणाच्याही फुगलेल्या नव्हत्या. काहींना लोह कमी होतं, त्याच्या गोळ्या सुरू केल्या. मग मडावीबाईंनी पालकांना बोलावलं. वसतिगृहाच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. डॉ. मोरेंनी सांगितलं की यादी चुकली होती, मुलींना तो रोग नाही.

मागून एक काका उठले. "काल हाय म्हणला. आज न्हाई म्हणता. उद्या काय म्हणाल?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहिले. आधी मनाशी बरंच काही ठरवून आले होते, ते सगळं विसरले. म्हणाले, "रक्त एक दिवस टेबलावर राहिलं. ते आम्ही विचारलं नाही. न विचारता तुमच्या पोरींची नावं लिहिली. चूक आमची आहे, पोरींची नाही."

त्या काकांनी खिशातला मोबाइल काढून वर धरला. मग म्हणाले, "हे त्या मोबाइलवर पण लिवा. तिकडं अजून आमच्या पोरींची नावं फिरून राहिली."

लिहिलं. पहिल्या यादीइतकं ते दूर पोचलं नाही. चौदापैकी बारा मुली परत आल्या. ज्या दोघी आल्या नाहीत त्यांच्या घरी मडावीबाई दोनदा जाऊन आल्या. त्यांची नावं मला पाठ आहेत.

प्रयोगशाळेच्या वहीत खाजाभाईंनी स्वतःच पट्टीने एक नवी रेघ मारली. त्यावर त्यांनी लिहिलंय, 'लावले कधी'. माझ्या खोलीत येणाऱ्यांना मी उरलेलं दीड वर्ष आधी एकच विचारायची, "यातल्या ओळी कुणी काढल्यात का? काढल्या असतील तर त्या आधी दाखवा." बरेच जण वैतागून उठून गेले. बाहेरचा बाक पुढे पुढे रिकामाच असायचा.

निवृत्तीच्या महिन्यात मी किनवटला गेले. रेणुकाला रोजची गोळी चालू होती. मडावीबाईंनी तिच्या खाटेशेजारी पाण्याची मोठी बाटली ठेवली होती आणि ती संपली की नाही ते त्या स्वतः बघत. ती दहावीत गेली होती. अंगणातल्या ओट्यावर वही घेऊन माझ्याजवळ बसली. मोरे डॉक्टरांनी तिला तिच्या आजाराबद्दल सगळं नीट समजावलं होतं, चित्रासकट.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"त्या चित्रातून मला का काढलं होतं?"

खोटं बोलायची सोय नव्हती. मी म्हणाले, "तू बाकीच्यांसारखी नव्हतीस म्हणून."

तिने पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

"मग तर मलाच आधी बघायचं ना," ती म्हणाली आणि वही उघडून तिने गणित माझ्यापुढे सरकवलं.